वाट पाहायला लावणारा

ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो आपल्या नायकाला सर्वांसमोर उभा करतो आणि मग बराच वेळ त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. एकल वादक येतो, कंडक्टरच्या डाव्या हाताला उभा राहतो, व्हायोलिन खाली धरतो आणि ऐकू लागतो. बासून, व्हायोला आणि चेलो खालच्या पट्टीत एक रुंद, साधी सुरावट मांडतात. तिच्यात घाई नाही, मिरवणं तर नाहीच. मग ओबो बोलतात, सगळा वाद्यवृंद उसळतो, पुन्हा निवतो. असं जवळजवळ अडीच मिनिटं चालतं. ज्याच्यासाठी तिकिटं काढली, तो अजून गप्पच आहे.

आपल्या कानांना ही रीत अनोळखी आहे. आपल्याकडे तानपुरा जुळला की मुख्य कलाकाराचा षड्ज लागतो. साथीदार नंतर येतात आणि मुख्य कलाकाराने दिलेल्या जागेत आपलं काम दाखवतात. इथे जागा देण्याचा हक्क वाद्यवृंदाकडे आहे, आणि तो मिळेपर्यंत थांबणं हा एकल वादकाच्या कामाचाच भाग आहे. त्याचं थांबणं मी नेहमी नीट पाहतो. काही वादक डोळे मिटतात, काही मागच्या व्हायोलिनवाल्यांकडे वळून पाहतात. कोणी नुसताच गज हातात धरून उभा राहतो, आणि त्याच्या खांद्यांतला ताण मागच्या रांगेतूनही दिसतो. मग टिंपनीचा गडगडाट सुरू होतो, डी मेजरच्या उजेडावर डी मायनरची सावली पडते आणि व्हायोलिन एकदम झेप घेऊन आत शिरतं. पहिल्या काही ओळींत गोडवा औषधालाही नाही. इतका वेळ अडवून धरलेला माणूस जसा बोलेल, तसाच तो बोलतो. मूळची रुंद सुरावट त्याच्या वाट्याला येते ती या सगळ्या झटापटीनंतर, आणि तेव्हा ती पहिल्यांदाच गाणं होते.

हा स्वभाव या कॉन्चेर्टोला जन्मासोबत मिळाला. १८७८च्या उन्हाळ्यात योहानेस ब्राम्स ऑस्ट्रियातल्या पोर्टशाख या तळ्याकाठच्या गावी राहत होता. आदल्याच वर्षी इथेच त्याने दुसरी सिंफनी लिहिली होती, तीही डी मेजरमध्येच. ऑगस्टमध्ये त्याने योझेफ योआखिम या आपल्या जुन्या व्हायोलिनवादक मित्राला कॉन्चेर्टोच्या व्हायोलिनचा काही भाग पाठवला आणि विचारलं, यात अवघड काय, गैरसोयीचं काय, वाजवता न येण्यासारखं काय? ब्राम्स स्वतः पियानोवादक होता. व्हायोलिनवर बोटं कुठवर पोचतात हे त्याला योआखिमकडूनच समजून घ्यायचं होतं. योआखिमने मनापासून दुरुस्त्या सुचवल्या. ब्राम्सने काही घेतल्या, पुष्कळशा नाकारल्या. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेल्या हस्तलिखितावर दोघांचीही अक्षरं आहेत. आधी चार भागांचा बेत होता. मधले दोन भाग ब्राम्सने काढून टाकले आणि त्यांच्या जागी एकच संथ भाग लिहिला. त्याबद्दल तो स्वतः फार तुच्छतेने बोलला. आपल्या उत्तम गोष्टींबद्दल असं बोलण्याची त्याची खोडच होती.

पहिला प्रयोग झाला १ जानेवारी १८७९ रोजी, लाइप्झिगच्या गेवान्टहाउसमध्ये. तिथला नेहमीचा कंडक्टर कार्ल राइनेके. त्या दिवशी मात्र छडी पाहुण्याच्या हाती होती, आणि पाहुणा होता ब्राम्स. एकल वादक अर्थात योआखिम. कार्यक्रमात त्याने आधी बेथोव्हेनचा कॉन्चेर्टो वाजवला होता, म्हणजे एकाच दिवशी दोन डोंगर आणि दोन्ही डी मेजरमध्ये. या सभागृहाशी ब्राम्सचा जुना हिशोब होता. वीस वर्षांपूर्वी, १८५९च्या जानेवारीत, पंचविशीतल्या ब्राम्सने इथेच आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो वाजवला होता. टाळ्या वाजवायला उठलेले मोजके हात श्रोत्यांच्या फुत्कारांत बुडून गेले होते. त्याच जागी तो पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा श्रोत्यांना खूश करणारी एकही गोष्ट हातात न घेता. यावेळी फुत्कार झाले नाहीत, पण जल्लोषही झाला नाही. आदरयुक्त थंडपणा एवढंच काय ते त्याच्या वाट्याला आलं.

लोकांना खटकलं काय, ते समजून घेण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात कॉन्चेर्टो हे बरेचदा एकट्या माणसाच्या करामतीचं व्यासपीठ असे. वाद्यवृंदाने मागे राहून गालिचा अंथरायचा, वर बोटांची आतषबाजी. इथे करामत काही कमी नाही. दोन-दोन, तीन-तीन तारा एकदम वाजवायच्या, बोटं ताणून लांबची स्वरांतरं पकडायची. वियेन्याव्स्कीसारख्या कसलेल्या वादकालाही हे वाजवण्याजोगं वाटलं नाही, असं सांगतात. पण एवढी मेहनत करून वादकाला झळाळी मिळावी, असं या रचनेला मुळी वाटतच नाही. हा कॉन्चेर्टो व्हायोलिनसाठी नसून व्हायोलिनविरुद्ध आहे, असा शेरा तेव्हाच पडला. तो कोणी कंडक्टर हान्स फॉन ब्यूलोच्या नावावर सांगतात, कोणी व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक हेल्मेसबर्गरच्या.

मला हा शेरा अन्यायाचा वाटतो, आणि दुसरा भाग ऐकताना तर फारच. फक्त फुंकवाद्यं सुरू होतात आणि एकटा ओबो एक दीर्घ, शांत धून गातो. या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर धून ब्राम्सने एका साथीदाराच्या हाती दिली आहे. तो वादक तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलेला असतो. त्याचं नाव जाहिरातीत नसतं. आणि जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक त्याच्यापुढे उभा राहून ऐकतो. साराझाते या व्हायोलिनवादकाने हा कॉन्चेर्टो वाजवायला नकार दिला, कारण या धुनीच्या वेळी हातात व्हायोलिन घेऊन मुकाट उभं राहणं त्याला मान्य नव्हतं, असं सांगतात. ब्राम्सचा सगळा विचार मला या जागेत दिसतो. एकल वादक शेवटी आत येतो तेव्हा तो ओबोची धून जशीच्या तशी उचलत नाही. ऐकलेल्या गोष्टीवर आपलं मनन मांडावं तसा तो तिच्याभोवती वेल चढवत जातो. जो नीट ऐकून उभा राहिला नाही, त्याला ही जागा वाजवता येणार नाही, असं मला पक्कं वाटतं. नुसती बोटं तयार असून इथे भागत नाही.

तिसरा भाग हा मात्र मोकळ्या हाताचा. हंगेरियन ढंगाचा, ठसक्याचा, पावलं आपटत येणारा. योआखिम मूळचा हंगेरीच्या राज्यातला, आणि त्याने स्वतःही एक हंगेरियन शैलीतला कॉन्चेर्टो लिहिला होता. मित्राच्या बोलीत मित्रासाठी रचलेला हा शेवट आहे. पुढे मात्र हीच मैत्री तुटली. योआखिमला बायकोचा संशय आला, ब्राम्सने तिची बाजू घेणारं पत्र तिला लिहिलं आणि ते पत्र घटस्फोटाच्या खटल्यात पुढे आलं. दोघांचं बोलणं थांबलं. त्या अबोल्याच्या वर्षांतही योआखिमने ब्राम्सचं संगीत सोडलं नाही. १८८७ मध्ये व्हायोलिन आणि चेलो या दोघांसाठी मिळून कॉन्चेर्टो लिहून ब्राम्सने समेटाचा हात पुढे केला.

व्हायोलिनविरुद्ध असल्याच्या त्या आरोपाला पुढे व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमनने उत्तर दिलं. त्याच्या मते हा व्हायोलिनने वाद्यवृंदाशी केलेला सामना आहे आणि त्यात व्हायोलिन जिंकतं. हुबरमन आपल्यालाही तसा अगदी परका नाही. १९३६ मध्ये त्याने तेल अवीवला जो वाद्यवृंद उभा केला, त्याचे संगीत संचालक म्हणून झुबिन मेहता २०१९ पर्यंत काम पाहत होते. त्यांचा जन्म त्याच १९३६ सालचा, मुंबईतला. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते आणि त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. हुबरमनचं जिंकण्याचं बोलणं मला पूर्ण पटत नाही. या रचनेत कोणी हरल्याचं मला तरी कधी ऐकू आलेलं नाही.

कारण पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक जागा आहे. वाद्यवृंद थांबतो आणि व्हायोलिन एकटंच उरतं. ही कॅडेन्झा ब्राम्सने लिहिली नाही, वादकावर सोपवली. योआखिमने रचलेली आजही सर्वाधिक वाजते. क्रायस्लरची आहे, हायफेट्झची आहे, बुसोनीने तर सोबतीला टिंपनीही ठेवली. एकट्याचं हे वैभव संपतं तेव्हा दुसरा कोणी असता तर वाद्यवृंद गडगडाटाने आत आणला असता. ब्राम्स तसं करत नाही. वाद्यवृंद हलक्या पावलांनी परततो, आणि त्याच्या आधारावर व्हायोलिन वरच्या पट्टीत मूळची सुरावट गातं, संथ, निवांत. या रचनेत जितकं वाट पाहणं आहे, ते सगळं या दोन मिनिटांसाठी आहे.

१८९६च्या जानेवारीत व्हिएन्नात तेरा वर्षांच्या हुबरमनने हा कॉन्चेर्टो वाजवला तेव्हा ब्राम्स सभागृहात होता, आणि ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. पण कॅडेन्झा संपताक्षणी श्रोत्यांना राहवलं नाही. टाळ्या कोसळल्या आणि नेमकी पुढची निवांत सुरावट त्यांत वाहून गेली. पोरगा हिरमुसला. ब्राम्सचा चरित्रकार माक्स काल्बेक सांगतो की ब्राम्सने त्याची समजूत घातली ती एवढ्याच शब्दांत, की मग कॅडेन्झा इतकी सुंदर वाजवायला नको होतीस.