सेवापुस्तकातली लाल ओळ

1990 साली केंद्र सरकारच्या नोकरीला लागले आणि 2020 साली निवृत्त झाले. मोजून तीस वर्षं. कागदावर मात्र अठ्ठावीसच निघाली. कारकुनानं सेवापुस्तक उघडून लाल शाईची ओळ दाखवली: असाधारण रजा, दोन वर्षे, वैयक्तिक कारण, पेन्शनसाठी धरू नये.

ते ‘वैयक्तिक कारण’ म्हणजे माझ्या सासूबाई. 1998 मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला. बेळगावच्या आमच्या घरात तीन मुलगे, तीन सुना. पण दिवस मावळायच्या आत त्यांना भरवायचं कुणी, हा प्रश्न निघाला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “तुझी सरकारी नोकरी, कुठं जात्येय?”

नोकरी गेली नाही, हे खरं. ऑफिसात एकानं सुचवलंही होतं, “बाई, स्वतःच्या आजारपणाचा दाखला आणा. वैद्यकीय कारणाची बिनपगारी रजा पेन्शनला धरतात.” नियम खरा होता, दाखला खोटा झाला असता. मी आणला नाही.

आता हिशेब सांगते. दहा वर्षांच्या वर सेवा असल्यानं पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मीच बसली. पण दोन वेतनवाढी मागं पडल्यानं तो पगारच कमी होता. ग्रॅच्युइटी दर सहामाहीला पाव पगार; चार सहामाह्या गेल्या, म्हणजे एका महिन्याचा पगार गेला. अर्जित रजा वर्षाला तीस दिवस जमा व्हायची, तीही त्या दोन वर्षांत शून्य.

सासूबाईंचं केलं याचं दुःख नाही. जाताना त्यांचा हात माझ्या हातात होता. पण सरकारच्या लेखी ती ‘सेवा’ नव्हती आणि घराच्याही लेखी नव्हती. माझ्या यजमानांची, दोन्ही दिरांची नोकरी अखंड राहिली. रजा वाटून घेऊ या, असं कुणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. ही माझी चूक.

परवा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सूनबाई म्हणाली, “आई, मी बिनपगारी रजा टाकते.” ती 2004 नंतर लागलेली, नव्या पेन्शन योजनेतली. पगार नाही त्या महिन्यात तिची वर्गणीही कापली जाणार नाही. मी कपाटातून सेवापुस्तकाची झेरॉक्स काढून तिच्यापुढं ठेवली. मग मुलाला हाक मारली.

“पंधरा दिवस तू, पंधरा दिवस ती. आणि दोघांनीही पगारी रजाच टाकायची.”