दुधाशिवाय पुडिंग

झाडावर असेपर्यंत न पिकणारं फळ कोणतं? अ‍ॅव्होकॅडो! तोडल्यावरच ते पिकतं. मूळ मेक्सिकोकडचं, आपल्याकडे कूर्गमध्येही होतं. तिथं त्याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात.

मुलुंडच्या बाजारातून मी कडक फळ आणलं नि केळ्यासोबत कागदात गुंडाळलं. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं ते तीन दिवसांत मऊ झालं. त्याचा गर, दोन चमचे बिनसाखरेचा कोको, सहा भिजवलेले बिनबियांचे खजूर नि थोडं पाणी आईनं मिक्सरमध्ये फिरवलं. गर मुळातच स्निग्ध, म्हणून दूध-साय काहीच नको.

धाकट्या भावाला दूध सोसत नाही. वाढदिवसांना तो पुडिंगकडे नुसता बघायचा. या खेपेला पहिली वाटी त्याची!

खजुरातही साखर असतेच, पण सोबत चोथाही असतो. तेव्हा खा, पण बेतानं!