पाणी उजव्या हाताला: भंडारदऱ्याभोवती सायकलने

दहावीपर्यंत मी रोज सायकलने शाळेत जायचे. पुढे कॉलेज सुरू झालं आणि घरात ठरलं, "तू बसने जा, सायकल दादाला लागेल." कोणी रागावलं नाही, भांडण झालं नाही. सायकल फक्त दादाच्या खोलीबाहेर उभी राहू लागली. त्यानंतर पस्तीस वर्षं मी सायकलला हात लावला नाही.

पन्नासाव्या वाढदिवसाला लेकीने मला सायकलच्या दुकानात नेलं. "आई, आता ही तुझी. कोणाला द्यायची नाही." चार-पाच महिने नाशिकच्या कॉलनीतल्या रस्त्यांवर, पहाटे कोणी बघत नाही अशा वेळी सराव केला. मग तिनेच सुचवलं, "भंडारदऱ्याची फेरी करूया का? गाड्या कमी, डोंगर जवळ आणि पूर्ण वेळ पाणी सोबतीला."

चाळीसेक किलोमीटर ऐकून पोटात गोळा आला. तरी हो म्हणाले.

फेरी कशी आहे?

भंडारदरा अकोले तालुक्यात आहे. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. नाशिकहून सुमारे ७० किलोमीटर. मुंबईकडून येणाऱ्यांना कसारा, इगतपुरी, घोटी करत शेंडी गावाला यावं लागतं. रेल्वेने यायचं तर इगतपुरी स्टेशन सोयीचं. तिथून पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी.

प्रवरा नदीवरचं हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. धरणामागे सह्याद्रीच्या कुशीत पाणी पसरलं आहे आणि त्याच्याभोवती गावागावांना जोडणारा रस्ता फिरतो. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. साधारण ४० ते ४५ किलोमीटर. या दिशेने गेलात तर पाणी कायम तुमच्या उजव्या हाताला राहतं, त्यामुळे वाट चुकण्याची भीती कमी.

मंगळवारची सकाळ

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार निवडला. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. मधल्या वारी मात्र रस्ता गावकऱ्यांचा असतो.

साडेसहाला शेंडीतून निघालो. मुतखेलपर्यंत थंडी वाजत होती. भातखाचरं पिवळी पडायला लागली होती, बांधावर सोनकीची फुलं होती. समोरून एक दूधवाला मोटरसायकलवरून गेला, मग बराच वेळ कोणी नाही. सायकलच्या साखळीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. कोलटेंभ्याच्या पुढे ओढ्यांचं पाणी अजून वाहत होतं. गाडीतून जाताना काच वर असते, तेव्हा पाण्याचा आवाज कळत नाही आणि ओल्या मातीचा वासही येत नाही.

रतनवाडीला पोहोचल्यावर पहिला मोठा मुक्काम केला. इथलं अमृतेश्वराचं मंदिर शिलाहार काळातलं मानलं जातं. काळ्या दगडावरची नक्षी जवळून बघायला निदान अर्धा तास हवाच. शेजारच्या पुष्करणीत चारी बाजूंना कोनाडे आहेत, त्यात मूर्ती आहेत. पाठीमागे रतनगड. त्याच्या माथ्यावरच्या खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. प्रवरेचा उगम याच गडावरचा. ज्या पाण्याच्या काठाने आपण आलो, ते इथून निघालं हे लक्षात आलं की फेरीला वेगळाच अर्थ येतो.

जिथे मी उतरले

रतनवाडीनंतर रस्ता झाडीत शिरतो. ऊन थेट अंगावर येत नाही, पण चढ लागतात. एखाद्या सराईत सायकलस्वाराला ते चढ वाटणारही नाहीत. मला वाटले. लेक पुढे गेली होती. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी साम्रदच्या पुढे एका वळणावर पाय थरथरायला लागले.

उतरायचं नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं. पस्तीस वर्षांनी मिळालेली सायकल हातात धरून चालत न्यायची म्हणजे हरल्यासारखंच.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. गणवेशातली एक मुलगी, बिनगिअरची काळी सायकल, मागे धाकटा भाऊ बसलेला. माझ्या बरोबरीला आली, माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली उतरली. भाऊही उतरला.

"काकू, उतरा की," ती म्हणाली. "हितं आमीबी उतरतो."

मी उतरले. आम्ही तिघं सायकली ढकलत चढ चढलो. तिने विचारलं, "कुठून आल्या?" मी सांगितलं. मी विचारलं, "सायकल कोणाची?" ती म्हणाली, "माझीच. ह्याला रोज सोडावं लागतं म्हणून घेतली." चढ संपल्यावर भावाला मागे बसवून ती उतारावर सुसाट निघून गेली.

लेक पुढे झाडाखाली थांबली होती. माझे डोळे भरलेले बघून घाबरली. "आई, काय झालं? दुखतंय का?"

"नाही गं," म्हटलं, "चढ संपला."

पाण्याच्या काठी, पाण्यावाचून

साम्रदला सांदण दरी आहे. दोन कड्यांमधली ही अरुंद, खोल घळ बघायला ट्रेकर दुरून येतात. सायकलच्या दिवशी दरीत उतरू नका. ते वेगळ्या दिवसाचं काम आहे. पुढे घाटघरला कोकणकडा. इथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. जवळच २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची, अशी त्याची पद्धत.

जेवण आम्ही एका घरी आधी फोन करून सांगितलं होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि गरम भात. वाढणाऱ्या ताईंनी तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि सहज म्हणाल्या, "आता आहे पाणी. वैशाखात या, मग दाखवते किती लांब जावं लागतं."

समोर धरण चकाकत होतं. त्याची साठवण सुमारे ११ टीएमसी. ते पाणी कालव्यांनी खालच्या भागातल्या शेतीला जातं. पण उन्हाळ्यात काठावरच्याच बाईला हंडा घेऊन चालावं लागतं. मी बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून ताजं भरणार होते. हात थांबला. जुनंच प्यायले.

परतीचा रस्ता

घाटघरहून उडदावणे, पांजरे, मुरशेत हा उत्तरेकडचा रस्ता मला सोपा वाटला. मागे वळून पाहिलं तर अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत. डाव्या अंगाला कळसूबाईची रांग. १६४६ मीटर उंचीचं हे शिखर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. चार वाजता शेंडीत पोहोचलो. घड्याळाप्रमाणे साडेनऊ तास. त्यातले निम्म्याहून जास्त थांबण्यातच गेले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर

• सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि मुसळधार पाऊस असतो, नवख्यांनी टाळावं.
• निघण्याआधी ब्रेक तपासा. चढांपेक्षा उतार धोक्याचे. हेल्मेट प्रत्येकाला हवंच.
• जादा ट्यूब, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान सोबत ठेवा. वाटेत सायकलचं दुकान मिळेल असं धरू नका.
• मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. घरच्यांना रस्ता आणि परतीची वेळ आधीच सांगून ठेवा.
• मुलं सोबत असतील तर पूर्ण फेरीचा हट्ट नको. शेंडी ते रतनवाडी आणि परत एवढंही पुरे.
• जेवण गावातल्या घरी सांगा. आधी कळवा आणि पैसे देताना घासाघीस करू नका.

एक विनंती. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत इथल्या झाडांवर लाखो काजवे चमकतात. ते बघायला रात्री गाड्यांची एवढी गर्दी होते की हेडलाइट आणि गाण्यांच्या गोंगाटात काजवेच हरवतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. इथली शांतता कोणी आपल्यासाठी राखून ठेवलेली नाही. ती तिथे राहणाऱ्यांची आहे. स्पीकर घरी ठेवा, कचरा सोबत परत आणा.

असे रस्ते आणखीही आहेत. पुण्याजवळ पवना धरणाच्या आसपास तुंग, तिकोना, लोहगड बघत सायकल चालवता येते. उत्तरेत राहणाऱ्या वाचकांना कुमाऊंमधला भीमताल ते नौकुचियाताल हा छोटा टप्पा सुरुवातीला छान. जिथे जाल तिथे मधला वार निवडा आणि पहाटे निघा.

घरी आल्यावर दादाला फोन केला. म्हटलं, "चाळीस किलोमीटर केले." तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तुझी ती जुनी सायकल मी दोन वर्षांत विकली होती गं. तुला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "असू दे. पुढच्या महिन्यात परत जातेय. येतोस का?"

तो सध्या सराव करतोय.