जिंटीबाईंना अनावृत पत्र

ती. जिंटीबाई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनबाई, काल तुम्हाला पुन्हा उघडलं. मोटरच्या ब्रशवरची काजळी पुसली, चाकांवरचा काळा थर काढला, पितळी गिअरला थेंबभर तेल दिलं. ट्रायअँग या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या अंगावर छापलेला ४७६०६ हा नंबर अजून स्वच्छ वाचता येतो, बरं वाटलं. पण रुळावर ठेवल्याबरोबर तुम्ही जे सुसाट सुटलात, ते वाघिणी जोडायच्या सोडून बफरवर नेऊन आदळल्यात.

बाई, हे तुम्हाला शोभतं का? 'डचेस' या एक्सप्रेस इंजिनाने धावावं, तिचा जन्मच त्यासाठी. तुमचं काम यार्डातलं. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी १९२४ ते १९३१ या काळात तुमच्यासारखी ४२२ इंजिनं बांधली, ती वाघिणी निवडायला, लावायला, ढकलायला. डचेसना सरदारणींची नावं मिळाली, तुम्हाला नुसते नंबर. माझा जीव मात्र तुमच्यावरच जडला.

बर्मिंगहॅमला बिऱ्हाड केलं, तेव्हा मुद्दाम ब्रॉम्सग्रोव्हला जाऊन लिकीचा चढ पाहिला. ३७.७ फुटांना एक फूट चढ, तोही ३ किलोमीटरहून थोडा जास्तच! पुढचं इंजिन धापा टाकायला लागलं की तुमच्या बहिणी मागून खांदा द्यायच्या, कधी दोघी, कधी तिघी. फलाटावर उभं राहून तो चढ बघताना ऊर भरून आला होता.

तुमच्या धावण्याचं कारणही मला ठाऊक आहे. लोहचुंबकाचा जोर ओसरला की ही जुनी मोटर मंदावत नाही, उलट जास्त गरगरते, जास्त वीज खाते आणि तापते. काल हात लावला तर चटकाच बसला. इतकं सोसलंत आणि मी तुम्हालाच रागावत बसलो, हे काही बरं नाही. तेव्हा नवा, छोटा पण जोरदार निओडिमियम चुंबक मागवला आहे. जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायची घरातून परवानगीही मिळाली आहे.

मग मात्र माझं एक ऐका. खऱ्या यार्डात इंजिन माणसाच्या चालीने, ताशी ५ किलोमीटरने सरकतं असं धरलं, तर तुमच्या १:७६ च्या मापात एक मीटर कापायला सुमारे ५५ सेकंद लागायला हवेत. तेवढे घ्या. वाघिणीला हलकेच टेका, आकडा अडकू द्या, मगच ओढा.

बाकी क्षेम. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
यार्डमास्तर