टेलचा उजेड

उचगावच्या पुलाजवळ रात्र कधी पुरती काळी होत नाही. महामार्गावर उजेडाची रांग लागलेली असते, तावडे हॉटेलकडून ट्रॅव्हल्स वळत असतात, गांधीनगरातून कापडाचे गठ्ठे घेऊन निघालेले टेंपो त्यांच्यात घुसत असतात. इथं उभं राहिलं तर गाडीला स्वतःचे दिवे लागतात कशाला, असं वाटावं. पण हुपरीच्या रस्त्याला लागा. वस्ती मागं पडते आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. मोकळं रान थोडाफार उजेड परत तरी देतं; उभा ऊस पडेल तेवढा गिळून टाकतो. पावसानं डांबर ओलं असेल तर तेही उसाला सामील होतं. आपला उजेड पुढच्याच्या डोळ्यांकडं ढकलून देतं, आपल्याला काही परत करत नाही. अशा रात्री पिकअपच्या पुढ्यात जे फिकट पिवळं काहीतरी पडलेलं असतं, त्याला उजेड म्हणायचं ते निव्वळ भिडेखातर.

पिकअपवाल्यांत याबद्दल मतभेद नाहीत. आमच्या धाकट्या मामांचं ठरलेलं वाक्य होतं, "दिवं लागल्यात का न्हाईत, ते बघाय खाली उतराय लागतंय." त्यात मी कंपनीला फार दोष देत नाही. पिकअप विकली जाते ती किती वजन उचलते आणि किती अॅव्हरेज देते यावर. ती किती लांबचं दाखवते, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही, कारण शोरूममध्ये माणूस जातो तो भर दुपारी.

रात्रीचं गणित मात्र कठोर आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. पुढं काही आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गेले. मग भरलेली गाडी थांबायला आणखी तीसेक. डिप्परचा कामाचा उजेड साधारण ४० ते ६० मीटर. म्हणजे साठला हिशोब जेमतेम जुळतो आणि ऐंशीला मोडतो. शिवाय दुप्पट अंतरावर उजेड निम्मा उरत नाही, पाव उरतो. त्यात उसाचा सीझन. पुढं डबल ट्रॉली, तिचा मागचा दिवा गेलेला, कारखान्यानं लावून दिलेला रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या वाड्याखाली झाकलेला. आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीचा रंग कायम रात्रीसारखाच असतो.

मग माणूस दुकानात जातो. मामाही गेले. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब घालून आले. चार दिवस रस्ता झगझगला, पाचव्या दिवशी केबिनमध्ये प्लॅस्टिक जळल्याचा वास. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ-सव्वानऊ अँपिअर ओढतात, ९० चे दोन पंधरा. वायर तीच, स्टिअरिंगखालची दांडी तीच, तिच्यातला तांब्याचा इवलासा पॉइंट तोच. होल्डर वितळून बल्बला चिकटून बसला होता.

वायरमननं तो पक्कडनं सोडवला आणि बल्बकडं न बघताच मल्टिमीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १३.८ व्होल्ट. हेडलाइटच्या होल्डरवर मोजलं, ११.९. "मामा, बल्बाला कशाला शिव्या देताय? त्येच्या पोटाला काय मिळतंय ते बघा की."

उसाला पाणी पाजणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. नदीवरच्या मोटारीपाशी पाइप भरून वाहतो, आणि टेलच्या सरीला पोचेपर्यंत धार करंगळीएवढी होते. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, स्विच, डिप्परची दांडी, दोन-तीन कनेक्टर असा सगळा गाव फिरून बल्बपाशी येतो, आणि प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. यातली मेख अशी की हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताच्या हिशोबानं घसरतो. व्होल्ट १४ टक्के कमी, तर उजेड ४० टक्के कमी. म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड मामांनी पैसे देऊन घेतलेला होता, आणि तो बॉनेटच्या आतच वायरी गरम करण्यात संपत होता. कमकुवत दिव्यांच्या निम्म्या तक्रारी अशाच असतील, असा माझा कयास आहे. निदान बल्ब बदलण्याआधी मीटर लावून बघायला कुणाचं काही जात नाही.

इलाज रिलेचा. बॅटरीपासून थेट अडीच स्क्वेअर एमएमची वायर, तिला जवळच फ्यूज, आणि तितकीच जाड अर्थिंग, कारण जायचा रस्ता रुंद करून यायचा अरुंद ठेवला तर उपयोग शून्य. जुन्या वायरीनं आता फक्त हुकूम द्यायचा, ओझं नव्या वायरीनं वाहायचं. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. ते जर्मन मानकातून आले आहेत, पण इथल्या वायरमनला ते मंगलाष्टकांइतके पाठ. त्यानं ६०/५५ चेच बल्ब परत बसवले. मामांचा चेहरा पडला. लावून बघितल्यावर सावरला.

तो बसवत असताना मी एक एच-फोर बल्ब हातात घेऊन बघत होतो. काचेला बोट न लावता, बूड धरून, कारण बोटाच्या तेलाचा डाग त्या तापमानाला काच खातो. १९७१ पासून जगभर चाललेला हा बल्ब. आत दोन तारा, एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळं रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर उजेड पडतो, आणि तिथून तो खाली रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांची काळजी घेणारी ही नखाएवढी वाटी किती जणांना माहीत असेल! आपल्याकडं डाव्या बाजूनं चालतात, म्हणून उजेडाची रेघ उजवीकडं सपाट राहते आणि डावीकडं वर चढते. कडेनं चालणारा, सायकलवाला, दुधाची किटली घेतलेला, हे सगळे त्या चढत्या कोपऱ्यात सापडतात.

याच रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला स्वस्त एलईडी खुपसला की हे सगळं बांधकाम ढासळतं. तार जिथं असायला हवी तिथून उजेड निघत नाही, फोकस सरकतो आणि उजेड रस्ता सोडून चारी दिशांना सांडतो. चालवणाऱ्याला पुढचे दहा मीटर लख्ख दिसतात म्हणून तो खूश असतो. डोळाही त्या जवळच्या उजेडाला सरावतो आणि लांबचं उलट कमी दिसतं. मूळ एलईडीसाठीच घडवलेला दिवा वेगळा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जुन्या लोकांना हेडलाइटच्या काचेवरचा काळा ठिपका आठवत असेल. वाहतूक पोलीस मोहीम काढून, डबा-ब्रश घेऊन तो मारायचे. उपाय रांगडा होता, पण रस्त्यावर समोरूनही कुणी येतं हे त्या ठिपक्याला कळत होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम तेच बारकाईनं सांगतो: दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. नियमात त्या माणसाला नाव नाही. आमच्याकडं तो बहुधा मोटारसायकलवर असतो, मागं बायको आणि मधे पोर.

पिकअपची खरी गोम तर पुढंच. तिचे दिवे रिकाम्या गाडीवर लावले जातात आणि ती चालते भरून. गुळाचे रवे नाहीतर भाजीची क्रेट चढली की मागचे पाटे बसतात आणि नाक वर होतं. मागची बाजू सहा सेंटिमीटर दबली आणि दोन चाकांत तीन मीटर अंतर असेल, तर पन्नास मीटरवर उजेडाची रेघ मीटरभर वर जाते. काही गाड्यांत यासाठी डॅशबोर्डवर आकड्यांचं एक चाक असतं. ते फिरवलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. मामांच्या गाडीत तेही नव्हतं. म्हणून पोती भरून गाडी गोदामाच्या भिंतीसमोर, सपाट जागेवर, दहा मीटरवर उभी केली. भिंतीवर दिव्याच्या उंचीची खडूची रेघ, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. वायरमन स्क्रू फिरवतोय, मामा भिंतीपाशी वाकून "जरा खाली, आणि जरा, हां बास" करतायत, आणि गावातली पोरं मधे येऊन सावल्यांची ससे-हरणं करतायत. तास गेला. खर्च म्हणाल तर रिले, वायर आणि मजुरी धरून एका भारी एलईडी जोडीपेक्षा कमी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केट यार्डात माल उतरवून मामा चहाला आले. मी विचारलं, फरक पडला का?

"पडला की. आदी खड्डं नुसतं कंबरंला कळायचं, आता लांबनं दिसत्यात," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "चुकवायचं कुठनं ते तेवढं इचार तुझ्या वायरमनला. दोन्हीकडनं ट्रॉल्याच हाईत."