लालावर लाल

आपल्याकडे गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही रंगीत, चकचकीत कागदाला ‘रेडियम’ म्हणतात. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा आणि या कागदाचा काडीचाही संबंध नाही. एके काळी घड्याळाचे काटे अंधारात दिसावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग देत. त्यावरून अंधारात चमकेल ते सगळेच आपल्या लेखी रेडियम झाले असावे. सायकलच्या मडगार्डवरची लाल पट्टी रेडियम, स्कूटरवरचा ‘ॐ’ रेडियम, आणि तो कापून देणारा माणूस रेडियमवाला. म्हापशापासून बेळगावपर्यंत गॅरेजांच्या कुठल्याही रांगेत विचारा, रेडियमवाला कुठे बसतो ते कुणीही सांगेल. खरे म्हणजे हा कागदसुद्धा नव्हे. ती पीव्हीसी प्लास्टिकची पातळ फिल्म. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९२६ मध्ये ते मऊ करण्याची युक्ती सापडली आणि मग ते जगभर पसरले.

या रेडियमने माझ्या भावोजींचा धंदा बुडवला. आणि गेल्या कार्तिकात त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच मुलाने, त्याच रेडियमने एक अख्खी स्पोर्ट्स कार मढवली. त्याची ही हकीकत.

गोव्यातल्या बहुतेकांना रामनगर ठाऊक असते ते बेळगावला जातानाच्या चहापुरते. मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढला की कर्नाटक लागते, आणि लोंढ्याच्या अलीकडे रस्त्याला चिकटून रामनगर. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४ अ होता, आता त्याचा क्रमांक ७४८. जिल्हा उत्तर कन्नड, तालुका जोयडा. पाट्या कानडी, घरातले बोलणे मराठी नाहीतर कोकणी, आणि बाजारातले तिन्हींचे कडबोळे. या गावाची कथा तशी जुनी नाही. काळी नदीवर सुपा धरण झाले, १९८७ च्या सुमारास ते पुरे झाले, आणि सुपा हे तालुक्याचे गाव आसपासच्या खेड्यांसकट पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. उठवलेल्या कुटुंबांपैकी बरीचशी रामनगरला आणून वसवली. भावोजींचे घर त्यांतलेच एक. शेत गेलेल्या घरातला हा मुलगा ब्रश घेऊन हमरस्त्यावर येऊन बसला, कारण हमरस्ता तेवढा पाण्याखाली जाणारा नव्हता.

ते ट्रक रंगवीत. माझ्या ताईचे लग्न झाले तेव्हा मी शाळेत होतो, आणि सुट्टीत रामनगरला गेलो की त्यांच्या कामाजवळ तासन्‌तास बसून राहायचो. खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी दोन खिळ्यांना ताणून टपकन सोडली की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटे. ती शिरोरेषा. मग डाव्या हातात आधाराची काठी, तिच्यावर उजवे मनगट, आणि खारीच्या केसांचा बारीक ब्रश. गोव्याच्या ट्रकांवर ‘श्री दामोदर प्रसन्न’, ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’. घाटावरच्यांवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. कानडी मालकांसाठी कानडी अक्षरे. हॉस्पेट-बळ्ळारीचे खनिज घेऊन ट्रकांची रांग गोव्याच्या बंदराकडे उतरत असे, त्या दिवसांत त्यांना जेवायला फुरसत नसे.

मग संगणकावर फिल्म कापणारी यंत्रे आली. त्या यंत्राला प्लॉटर म्हणतात. बारीक पाते अक्षराच्या कडेने फिरते, फालतू भाग सोलून काढायचा आणि उरलेले अक्षर उचलून चिकटवायचे. ज्या नावाला भावोजींना दीड दिवस लागे ते अर्ध्या तासात तयार. शिवाय वाळायची वाट बघणे नाही. ट्रकवाल्याचे चाक थांबले की पैसा थांबतो, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पुढे २०१० मध्ये कर्नाटकाने खनिजाची निर्यात थांबवली, २०११ मध्ये बळ्ळारीच्या खाणी आणि २०१२ मध्ये गोव्याच्या खाणी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्या. मग तर रंगवायला ट्रकही उरले नाहीत. भावोजींनी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, तेल लावून एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि घरांच्या भिंती रंगवायला लागले.

त्यांचा राग मात्र धंद्यापेक्षा अक्षरांसाठी होता. देवनागरीच्या संगणकी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा बरोबर घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. कागदावर छापताना ते कळत नाही. पण प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो. आधी सगळी अक्षरे संगणकावर एकत्र जोडून घेतली नाहीत, तर शिरोरेषा प्रत्येक अक्षराशी चिरली जाते. दोन पावसाळे गेले की तिथून फिल्म सुटते. “अक्षराचे डोके कापून वर चिकटवतात,” भावोजी म्हणायचे. ‘आर्शीवाद’ लिहिलेला ट्रक दिसला की ते मान फिरवीत. ती चूक रंगाऱ्यांनीही कमी केलेली नाही, हेही तेच सांगत.

आता गाडीविषयी. माझा भाचा सत्तावीस वर्षांचा. रामनगरची पोरे गोव्यातल्या कारखान्यांत जातात, तसा तोही गेला. वेर्ण्याला चार वर्षे काढली, शेवटची दोन एका गाड्या मढवणाऱ्याच्या हाताखाली. मग साठवलेल्या पैशांतून त्याने बेळगावच्या एका गॅरेजमागे पडलेली सॅन स्टॉर्म उचलून आणली. हे नाव फार थोड्यांना आठवेल. शतक उलटण्याच्या सुमारास बेंगळूरूच्या सॅन मोटर्सने काढलेली ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, आणि बॉडी पत्र्याची नव्हे, फायबरची. फारशी खपली नाही. तिच्यावर पैसे घातलेले पाहून ताईने दोन दिवस मुलाशी अबोला धरला. त्याचे म्हणणे असे, की रामनगरला फिल्मचे दुकान टाकायचे तर दाखवायला काहीतरी हवे. मारुती कुणीही मढवील, ही गाडी मढवलेली लोक थांबून बघतील. दुकान चालले नाही तर पुन्हा वेर्णे. म्हणजे त्या गाडीवर तिच्या किमतीपेक्षा बरेच काही लावलेले होते.

त्याला गाडी मॅट काळी करायची होती. मी कारकून. मी आधी आरसी बुक मागितले. रंगाच्या रकान्यात ‘लाल’. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नसतो, आणि रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. फिल्म काढता येते म्हणून रस्त्यावरचा पोलीस रंग वेगळा धरीत नाही. “मग लालावर लालच लाव,” भावोजी पहिल्यांदाच बोलले. “लालावर लाल लावून कुणाला दिसणार?” भाचा म्हणाला. “ज्याला कळतं त्याला दिसेल.”

तुळशीचे लग्न उरकल्यावर काम काढले. पावसाळ्यात रामनगरला हे शक्यच नाही, आणि उन्हाळ्यात रस्त्याची धूळ. कार्तिकातही पहाटे गारठा असतो. थंडीत फिल्म कडक होते आणि गोंद नीट धरत नाही, म्हणून दहा वाजल्याशिवाय रोल उघडायचा नाही. अंगणातल्या शेडच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री लावली, जमिनीवर पाणी शिंपडले. दीड मीटर रुंदीचा, पंधरा मीटरचा रोल आणला होता, ‘कास्ट’ जातीचा. फिल्म दोन तऱ्हांनी बनते. रुळांमधून लाटून काढलेली स्वस्त. तिला आपला मूळ आकार आठवतो आणि वळणावर ओढून बसवली तरी काही दिवसांनी ती मागे सरते. पातळ द्रव ओतून, वाळवून केलेली ती कास्ट. ती ओढली तर तशीच राहते. पाठीला गोंद, आणि गोंदात डोळ्यांना न दिसणारे बारीक पाट, हवा बाहेर जायला.

पण फिल्म उघडायची वेळ आली ती तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस भावोजींचे होते. फायबरवरचा जुना रंग उन्हाने भेगाळला होता. फिल्म इतकी पातळ, की खाली वाळूचा कण राहिला तरी वर फोड दिसतो. ती झाकत काहीच नाही. भाच्याला वाटत होते, धुऊन पुसले की झाले. भावोजी न बोलता गाडीवरून तळहात फिरवीत गेले, डोळे मिटून. जिथे हात अडला तिथे खडूने फुली. मग लांबी भरणे, ती सुकू देणे, पाणी मारून घोटपेपरने घोटणे, पुन्हा हात फिरवणे. मी बादलीत पाणी बदलत होतो, तेवढाच माझा वाटा. ट्रकच्या फळ्या त्यांनी अशाच घोटल्या होत्या. रंगाचे काम रंग लावायच्या आधीच होते, हे ते मला तीस वर्षांपूर्वी सांगत; त्यात फिल्मने काही फरक पडलेला नाही.

तिसऱ्या दिवशी स्पिरिटने सगळे अंग पुसून बॉनेट घेतले. चार हात लागतात. दोघांनी फिल्म चादरीसारखी ताणून धरायची, मधे टेकवायची, आणि कडेला मऊ कापड लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, मधून बाहेर हवा ढकलायची. सुरकुती पडली तर जोर लावायचा नाही. उचलायची, हीट गनने ऊब द्यायची, की ती आपण होऊन सपाट होते. फायबरची एक गोम आहे. पत्र्यासारखी त्याच्यात उष्णता पसरत नाही. एका जागी गन धरली तर खालचा रंग फुगतो. त्यामुळे हात सारखा हलता हवा. डाव्या दारावर पहिली फिल्म फुकट गेली, पुढच्या बंपरच्या वळणावर दुसरी. भाच्याचा चेहरा पडला. रोलमध्ये आता मोजकीच फिल्म उरली होती. भावोजींनी त्याच्या हातातली पट्टी घेतली, डावा हात काठीसारखा आडवा टेकवला, उजवे मनगट त्यावर ठेवले आणि बंपरच्या वळणावरून एका श्वासात पट्टी खाली आणली. सुरकुती नाही. पट्टी त्याला परत दिली आणि विडी ओढायला बाहेर गेले. पुढचे तीन तास त्याने मनगट तसेच टेकवून काम केले.

शेवटी सगळ्या कडा आणि खाचा पुन्हा गरम करायच्या असतात, जवळजवळ पाणी उकळण्याच्या उष्णतेपर्यंत, म्हणजे फिल्म आपला जुना आकार विसरते. हे शेवटचे काम कुणाला दिसत नाही, म्हणून टाळले जाते, आणि महिन्याभरात कडा सुटतात.

अशी फिल्म चांगली लावली तर पाच-सात वर्षे टिकते, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर त्याहून कमी. मग सोलून काढायची. जर्मनीत टॅक्सीला फिकट पिवळसर रंग सक्तीचा होता आणि त्या रंगाची जुनी गाडी कुणी विकत घेईना. तेव्हा १९९० च्या दशकात तिथले टॅक्सीवाले गाडीला त्या रंगाची फिल्म लावू लागले, विकताना काढून टाकू लागले. गाड्या मढवण्याचा धंदा वाढला तो असा. म्हणजे या वस्तूचा गुणच हा, की ती निघते. भावोजींच्या पिढीचा रंग निघत नसे, खरवडावा लागे. मला पूर्वी वाटे, की या दोन गोष्टींचे एकमेकींशी वैर आहे. आता तसे म्हणवत नाही. यंत्राने अक्षर कापले तेव्हा हाताला काम उरले नाही, हे खरेच, आणि त्या वर्षांची भरपाई कुणी केलेली नाही. पण बंपरच्या वळणावर अजून यंत्र पोचलेले नाही. तिथे मनगट लागते, आणि मनगट शिकवायला कुणीतरी समोर बसावे लागते. आमच्या घरात ते सुदैवाने बसलेले होते. पुष्कळ घरांत ते नसतात.

गाडी उभी राहिली. लालावर लाल. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात हे खरे, पण आतापर्यंत काम आले ते एका रिक्षाचे आणि मोटारसायकलींच्या दोन टाक्यांचे. ताई अजून साशंक आहे. रिक्षाच्या पाठीवर मालकाला देवाचे नाव हवे होते. भाच्याने ते प्लॉटरवाल्याकडे पाठवण्याआधी वडिलांकडून कागदावर लिहून घेतले आणि तेच अक्षर संगणकात घालून कापवले. शिरोरेषा सलग आली.

गाडीच्या बॉनेटवर मात्र भावोजींनी काही लिहू दिले नाही. फिल्मवर ऑइलपेंट धरत नाही, म्हणाले. पण चौथ्या दिवशी सकाळी मी निघण्याआधी त्यांनी पत्र्याचा डबा उघडला, बॉनेट उचलून टेकू लावला आणि आतल्या बाजूला, फिल्म जात नाही तिथे, पिवळ्या रंगात ‘श्री सातेरी प्रसन्न’ लिहिले. पाण्याखाली गेलेल्या गावात सातेरीचे देऊळ होते. हात थोडा कापत होता, पण ‘श्री’च्या पोटातली गाठ पूर्वीसारखीच पडली.

“हे वाचणार कोण?” भाच्याने विचारले.

“मेकॅनिक,” भावोजी म्हणाले, आणि ब्रश धुवायला रॉकेल शोधू लागले.