पानाचा शेवट आणि प्रकरणाचा शेवट

लेखकाचा विचार जेथें संपतो तेथेंच कागदही संपावा, असा योग क्वचितच येतो. कागदाची लांबी कारखानदार ठरवितो, विचाराची लांबी लेखक ठरवितो. हा भेद उघड आहे. तथापि संगणकावर उतरविलेल्या पुष्कळ मराठी मजकुराची दैना तो विसरल्यामुळेंच होते, असा आमचा अनुभव आहे.

अंकुशनगरास साखर कारखान्याच्या परिसरांत आमचे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. त्यांनीं आपल्या गांवच्या आठवणी वीस प्रकरणांत लिहिल्या. टंकलेखकानें तो मजकूर साध्या अक्षरांत संगणकावर उतरविला आणि प्रत्येक प्रकरण नव्या पानावर यावें म्हणून मध्यें रिकाम्या ओळींची रांग घातली. मोठ्या कागदावरील पहिली प्रत देखणी निघाली. पुढें तोच मजकूर पुस्तकाच्या लहान आकारांत बसविला, तेव्हां मथळे पानाच्या मध्यावर घसरले. स्नेह्यांच्या वडील भगिनींची दृष्टि अधू. त्यांच्यासाठीं तो मजकूर तसाच, अक्षर मोठें करून, मोबाईलवर दिला. वडिलांच्या अखेरच्या आजाराचें प्रकरण संपल्यावर त्यांना पडदाभर कोरी जागाच दिसूं लागली. भावाचें लेखन येथेंच संपलें अशा समजुतीनें त्यांनीं मोबाईल खालीं ठेविला. पुढचें प्रकरण त्यांच्याच लग्नाचें होतें!

यांत टंकलेखकाची हयगय होती असें आम्हांस वाटत नाहीं. कागदावर काम करणाऱ्या हाताची ही जुनी संवय आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतमालेंत ‘पुढचें पान घ्या’ असें सांगणारें १२ क्रमांकाचें चिन्ह आहे. पण ती आज्ञा छापणाऱ्या यंत्राला. जेथें कागदच नाहीं तेथें ती कोणीं पाळावयाची? पीडीएफमधील पान छापील पानासारखें स्थिर असतें. ई-पुस्तकाचें पान अक्षराच्या आकाराप्रमाणें बदलतें. वेबपान तर लांबतच जातें. एकाच साध्या मजकुरापासून हीं सर्व रूपें तयार करणारें ‘पॅनडॉक’ हें साधन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनीं २००६ मध्यें पुढें आणिलें. त्याच्या मूळ रचनेंत मथळा, परिच्छेद, यादी यांना स्थान आहे, पानाला नाहीं. छापील प्रतीसाठीं घातलेली नव्या पानाची लाटेक आज्ञा वेबपान करतांना तें सरळ गाळून टाकतें.

म्हणून मजकुरांत ‘येथें पान संपवा’ असें न सांगतां ‘येथें प्रकरण सुरू होतें’ असें सांगावें. मार्कडाऊन लेखनपद्धतींत त्यासाठीं मथळ्याच्या आरंभीं एक खूण पुरते. मग प्रत्येक रूपापुरता नियम वेगळा ठरवितां येतो : छापील पुस्तकांत प्रकरण नव्या पानावर, ई-पुस्तकांत स्वतंत्र भागांत, वेबपानावर नुसतें थोडें अंतर सोडून. अर्पणपत्रिकेसारखा मजकूर एकटाच शोभतो, त्याचीही अशीच निराळी खूण करावी. आमच्या स्नेह्यांचें पुस्तक या रीतीनें पुन्हां बांधलें, आणि भगिनींना आपलें लग्न वाचावयास मिळालें.

आपल्या पूर्वजांना हा विवेक ठाऊक होता. हस्तलिखित पोथीचीं सुटीं पानें प्रत्येक नकलेंत निराळ्या शब्दावर संपत. म्हणून स्थळनिर्देश पानानें न करतां अध्यायानें आणि ओवीनें करीत. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकाचे १० समास; दशक-समास सांगितला कीं कोणत्याही प्रतींत जागा सांपडते. समर्थांचें जन्मगांव जांब याच जालना जिल्ह्यांतलें. १९ व्या दशकाच्या पहिल्या समासांत त्यांनीं लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाहीं, असें ते तेथें सुचवितात.

कागद झडणार, हें समर्थांनीं गृहीतच धरिलें होतें. आज आपलें लिखाण एका कांचेवरून दुसऱ्या कांचेवर, लहान पडद्यावरून मोठ्या कागदावर जात असतां पानाच्या कडा रोज बदलतात. आपल्या घरांतल्या वडील माणसांच्या आठवणी जे कोणी उतरवून घेत असतील, त्यांनीं प्रकरणांच्या खुणा आधीं नीट कराव्या. पानें मागाहून हवीं तशीं पाडतां येतील.